तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा

गुडघ्याने दगा दिल्यापासून आत्याचा मुक्काम सोफ्यावर होता. उभी हयात तिने आगीच्या बंबावर काढलेली. सारी गल्ली तिला बंबवाली म्हणायची. आता डॉक्टर म्हणत बसा, भाऊ म्हणे बस, आणि बसून बसून तिचं डोकं तापायचं. म्हणून सलूनमध्ये काम करणाऱ्या भाचीने तिला एका उडणाऱ्या महानायिकेचा व्हिडिओ गेम आणून दिला.

पहिला भाग आत्याने जिद्दीने संपवला आणि वर शिव्या घातल्या. ही बया खलनायकामागे धावताना अर्धं शहर पाडते आणि खिडकीतून हात हलवणाऱ्यांकडे ढुंकूनही बघत नाही, हे काय शौर्य झालं? दुसरा भाग आला. यात माणसं बाहेर काढता येतात आणि नायिकेला जोडीदारही आहे, असं भाचीने सांगितल्यावर आत्याने हातातला चहा तसाच खाली ठेवला.

पहिल्याच मोहिमेत ती अडकली. इमारत पेटलेली, तिसऱ्या मजल्यावर एक आजोबा, आणि नायिकेच्या कानात तिच्या कप्तानाचा हुकूम: इमारत सोडा, खलनायक पळतोय. आत्या दरवेळी आजोबांकडेच वळायची. त्यातून नायिकेला उडता येत असताना ही तिला भिंतीला हात लावून जमिनीलगत रांगवायची, कारण धुरात मान वर काढायची नसते. तोवर छत कोसळायचं आणि पडद्यावर लाल अक्षरं यायची: मोहीम फसली.

भाचीने कपाळावर हात मारला. ते आजोबा नुसते शोभेला ठेवलेत, असं तिने परोपरीने समजावलं. शेवटी वैतागून म्हणाली, "खेळच आहे ना आत्या, ऐक की कप्तानाचं."

"एकदा ऐकलं होतं," आत्या म्हणाली.

मग तिने सांगितलं. एका गोदामाची आग. खिडकीत पहारेकरी. ती शिडीवर, त्याचा हात दिसेल इतकी जवळ. साहेबांनी खाली बोलावलं, ती उतरली. छत पडलं ते बऱ्याच वेळाने. तेवढ्या वेळात तो सहज निघाला असता. आणि वर तिला शिस्तीबद्दल पदक मिळालं. ते पदक कपाटात कुठे पडलंय, हे भाचीने आजवर विचारलंही नव्हतं. आत्याला त्या साहेबांचा राग अजून येत होता, आणि तो तिने लपवला नाही.

भाचीने जोडीदाराचा दुसरा रिमोट उचलला. "मी काय करू?"

"छत धर. मी आत जाते. हाक मारल्याशिवाय सोडायचं नाही."

कप्तान ओरडत राहिला. भाचीचा जोडीदार तुळईखाली खांदा लावून उभा राहिला, नायिका रांगत आत गेली. भाचीचे अंगठे घामाने निसटत होते, तरी तिने बटण सोडलं नाही. आत्याने हाक मारली ती नायिका आजोबांना घेऊन थेट रस्त्यावर पोचल्यावरच.

खलनायक केव्हाच पसार झाला होता. लाल अक्षरं आली: मोहीम फसली. पुन्हा प्रयत्न करा. त्यांच्यामागे फुटपाथवर बसून आजोबा खोकत होते, सदरा झटकत होते.

भाचीने पुन्हा खेळायला अंगठा उचलला. आत्याने तिचा हात धरला.

"फसू दे," ती म्हणाली. "माणूस खाली आलाय."