चार वाजून दहा मिनिटांची बाग

मित्रांनो, आधीच सांगतो, मी दमलोय. बोलता बोलता मध्येच थांबलो तर चालवून घ्या. मी एक जुना पडदा आहे. खिडकीचा नाही, नाटकाचाही नाही. फोटो स्टुडिओत माणसांच्या पाठीमागे टांगतात ना, तो. माझ्या अंगावर एक बाग रंगवलेली आहे. दगडी पायऱ्या, कठडा, तळं, तळ्यात दोन हंस आणि लांबवर एक मनोरा. मनोऱ्यावर घड्याळ. त्यात चार वाजून दहा मिनिटं झाली होती आणि पुढे कितीतरी वर्षं तेवढीच होती.

मला रंगवलं ते दुकानांच्या पाट्या करणाऱ्या एका पेंटरने. त्याने जन्मात अशी बाग पाहिली नव्हती. जाड मांजरपाट भिंतीला ठोकून त्याने खळ आणि खडूची भुकटी फासली आणि आठ दिवस कुरकुरत रंगवत बसला. पहिला हंस झकास जमला. दुसऱ्याच्या वेळी कंटाळा आला असावा, कारण तो थेट बदकावर गेलाय. शेवटी घड्याळाचे काटे राहिले. "किती वाजलेले दाखवू?" त्याने विचारलं. फोटोग्राफरने मनगटाकडे पाहिलं आणि म्हणाला, "आत्ता वाजलेत तेवढेच दाखव आणि चहाला चल." झालं, माझी वेळ ठरली ती अशी.

पुढे माझे दिवस बरे गेले. अख्खं गाव माझ्यासमोर उभं राहिलं. रडकी बाळं, नव्या बुटांतले नवरदेव, मिशांना पीळ देणारे दुकानदार. एका जाडजूड ठेकेदाराने तर ऐटीत माझ्या कठड्यावर कोपर टेकवायला घेतलं. कठडा रंगाचा, कोपर खरं. तो माझ्यासकट भिंतीवर आदळला आणि वर मलाच बोलला. लोक म्हणायचे, काय हुबेहूब बाग आहे हो. मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. सकाळचे फोटो, संध्याकाळचे फोटो, पण गावातल्या सगळ्या अल्बमांत चार वाजून दहाच मिनिटं.

त्या सगळ्यांत एक जोडपं माझ्या पक्कं लक्षात आहे. तो छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवणारा कंपॉझिटर. बोटं शाईने काळी, ती लपवायला हात मागे धरलेले. ती नवी नवरी, घोट्यापाशी आखूड झालेल्या साडीत. दोघं उभे राहिले, फोटोग्राफर "हलू नका" म्हणाला आणि फोटो निघतो न निघतो तोच वीज गेली. दुसरा फोटो व्हायचा होता, म्हणून त्याने त्यांना तिथेच दोन स्टुलांवर बसवलं आणि स्वतः बाहेर जाऊन उभा राहिला. वीज चांगले दोन तास आली नाही. दोघांनी पिशवीतले शेंगदाणे काढले आणि माझ्याकडे तोंड करून बसले.

"हा दुसरा हंस नाहीच मुळी," ती म्हणाली. "बदक आहे. शेजारून आलंय, परत जायचं नाव घेत नाही."

तो हसला. मग दोघं बागेत फिरायला लागले. म्हणजे बसल्या जागीच, तोंडाने. पायऱ्यांच्या वर काय असेल, मनोऱ्यात कोण राहत असेल, तळ्याचं पाणी गार असेल का. ती सांगायची, तो भर घालायचा. छापखान्यामागच्या त्यांच्या एका खोलीला खिडकी होती, पण ती समोरच्या भिंतीवर उघडायची. मग तिचा आवाज जरा उतरला. "हा फोटो मी आईला पाठवणार आहे. तिला लिहीन, घराजवळच अशी बाग आहे, आम्ही रोज संध्याकाळी जातो. तिला फार काळजी लागलीय माझी. तुम्ही कधी कुणाला खरं सांगायचं नाही. शब्द द्या."

त्याने शब्द दिला. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "आणि तूसुद्धा," ती म्हणाली. माझ्याशी प्रेमाने बोललेलं ते पहिलं माणूस, मित्रांनो.

मग दिवस फिरले. आधी निळे पडदे आले, मग कॉम्प्युटर. म्हातारे फोटोग्राफर गेले, मुलगा गल्ल्यावर बसला. गिऱ्हाइकाला बाग हवीच असली तर तो बसल्या जागी दहा बागा दाखवायचा. त्याने माझी चौपदरी घडी घातली आणि मला मागच्या खोलीत स्कूटरवर टाकलं, धूळ बसू नये म्हणून. धूळ स्कूटरवर बसली नाही, माझ्यावर बसली. घडी नेमकी मनोऱ्यावरून गेली. एक दिवस घड्याळाचा मिनिटकाटा सोलून खाली पडला आणि केरात गेला. मला वाईट वाटायचंही त्राण उरलं नव्हतं.

मागच्या महिन्यात एक बाई आल्या. शाळेत शिकवणाऱ्या, केस पिकायला लागलेले. चौकटीतून काढलेला एक जुना फोटो त्यांनी टेबलावर ठेवला. त्यामागे या स्टुडिओचा शिक्का होता.

"एवढा साफ करून द्याल? बाबांच्या पुस्तकात घालायचाय." मग त्यांनी सगळं सांगितलं. बाबा आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं जुळवत राहिले. आता त्यांनी स्वतःच्या आठवणी वहीत लिहून काढल्यात, मुलं त्या छापणार आहेत. त्यात एक प्रकरण बागेचं. "मी दोन वर्षं ही बाग शोधतेय. नगरपालिकेत विचारलं, जुने नकाशे पाहिले. गावात असा मनोराच नाही. दादा म्हणतो, बाबांना भास होतात, ते प्रकरण काढून टाक. त्यातलं एक खोटं निघालं तर लोक बाकीचं तरी कशाला खरं मानतील? पण आई गेल्यापासून बाबा तेच एक पान पुन्हा पुन्हा वाचतात. ते कसं काढू?"

फोटोग्राफरच्या मुलाने फोटो नीट पाहिला. "अहो ताई," तो चाचरत म्हणाला, "ही बाग आमच्या मागच्या खोलीत आहे."

त्याने मला स्कूटरवरून ओढलं आणि उलगडलं. ताईंनी फोटोतला मनोरा माझ्या मनोऱ्याशी ताडून पाहिला. मग तिथल्या डब्यावर बसल्या. "म्हणजे दादाचंच खरं," एवढंच म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओरडून सांगावंसं वाटलं, की थांबा, ते दोन तास मी पाहिलेत. पण पडद्याला तोंड कुठून येणार.

रविवारी त्या बाबांना घेऊन आल्या. फोटोग्राफरच्या मुलाने मला पुन्हा भिंतीवरच्या जुन्या खिळ्यांना टांगलं होतं. म्हातारे काठी टेकत आले आणि समोर थांबले. ते बाग शोधत आले होते की मला, हे मला कळेना. ताईंनी त्यांचा हात घट्ट धरला होता.

म्हाताऱ्यांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. मग वाकून दुसऱ्या हंसावर बोट ठेवलं.

"बदक अजून गेलं नाही वाटतं," ते म्हणाले.

ताई गोंधळल्या. "बाबा, तुम्हाला माहीत होतं हा पडदा आहे?"

"न माहीत असायला काय झालं? रंगाचा वास नाकात जात होता."

"मग पुस्तकात तसं का नाही लिहिलं?"

"तुझ्या आईला शब्द दिला होता. आजीला काळजी नको म्हणून. आजी हा फोटो उशाशी ठेवून गेली." ते स्टुलावर बसले. शेजारचं स्टूल ताईंनी सरकवायला घेतलं, तर म्हणाले, "राहू दे ते तिथेच."

ताईंनी डोळे पुसले. "प्रकरण ठेवते मी, बाबा. जसंच्या तसं. दादाशी मी बोलते."

"जसंच्या तसं नको. त्यात एक चूक आहे." म्हातारे मान वर करून मनोऱ्याकडे बघत होते. "काटा पडला, बरं झालं. मी लिहिलंय, बागेतून उठलो तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. ती ह्या पडद्याची वेळ. आम्ही खरे उठलो तेव्हा सहा वाजून गेले होते. तेवढं दुरुस्त कर. बाकी बाग राहू दे."

मुलाने फोटो काढला. त्यात म्हातारे आहेत, मी आहे आणि एक रिकामं स्टूल आहे.

मी आता पुन्हा स्कूटरवर आहे. मुलाने एवढी मेहेरबानी केलीय की रंगाची बाजू आत ठेवलीय, आणि चारऐवजी दोनच पदर. मित्रांनो, तुमच्याकडे जुना पडदा असेल, जुना फोटो असेल, कुणा म्हाताऱ्या माणसाची वही असेल, तर खरं-खोटं मागाहून बघा. आधी ते गुंडाळून ठेवा, घडी घालू नका. घडी पडली की रंग नेमका तिथेच सुटतो.

आणि एक राहिलंच. ती बाग पडद्यावरची होती, हे मी तुम्हाला सांगून बसलोय. पुस्तक वाचणाऱ्यांना मात्र तुम्ही सांगू नका. तिने मलाही बजावलं होतं.