बोरघिल्डकाकूंची राखीव जागा

मी एक जुना तलाव आहे. जुना म्हणजे किती, तर माझ्यात आता पाण्याचा थेंबही उरलेला नाही! हसू नका, मित्रांनो. प्रचंड हिमनदी वितळली आणि मी जन्मलो. तेव्हा मी एवढा पसरलो होतो, की एका काठावर उठलेली लाट दुसऱ्या काठाला पोचेपर्यंत म्हातारी होऊन काठी टेकत यायची. पुढे बर्फाचा बांध फुटला आणि मी वाहून गेलो. मागे उरला माझा सपाट, काळाभोर तळ आणि कडेला किनाऱ्याच्या वाळूची लांबट टेकडी. नॉर्वेहून समुद्र ओलांडून इथे आलेल्यांच्या नातवंडांनी तळावर बीट पिकवलं, टेकडीवर चर्च बांधलं आणि तिथेच आपली माणसं पुरली.

इथली नदी उत्तरेकडे वाहते. वसंतात दक्षिणेचं बर्फ वितळतं, तेव्हा उत्तरेला ती गोठलेलीच असते. मग अडलेलं पाणी माझ्या तळावर पसरतं आणि सारं गाव टेकडीची वाळू पोत्यांत भरून घरांभोवती रचतं.

एका वसंतात म्हाताऱ्या बोरघिल्डच्या घराला पाणी भिडायला आलं. पोत्यांची भिंत हातभर कमी पडत होती, आणि वाळूची खाण तर दफनभूमीच्या कुंपणापाशी संपली. शेजारच्या सिव्हर्टने फावडं टाकलं.

"थांबलास का रे?"

"काकू, पुढे तुमचे अर्लिंगकाका झोपलेत."

"आणि त्यांच्या शेजारी?"

"ती... तुमच्यासाठी राखलेली जागा."

"रिकामीच आहे ना? उपस!"

"अहो, मग तुम्हाला ठेवायचं कुठे?"

"घर वाहून गेलं तर आजपासून तुझ्याकडेच ठेव. जा, बायकोला विचारून ये!"

सिव्हर्टने फावडं उचललं.

भिंत टिकली. हजारो वर्षांनी मी पुन्हा किनारा झालो. फरक एवढाच, की या वेळी पाणी बाहेर होतं आणि आत एक म्हातारी कॉफी उकळत होती.

पूर ओसरल्यावर गावाने तो खड्डा तिच्याच शेतातल्या काळ्या मातीने, म्हणजे माझ्याच तळाने, भरून दिला. बोरघिल्डने माती चिमटीत चुरून पाहिली. "एवढी चांगली माती नुसती पडू द्यायची? मला तर अजून सवड नाही." तिने तिथे बटाटे लावले.

"काकू, थडग्यातले बटाटे खायचे?" सिव्हर्टने नाक मुरडलं.

"खा निमूट. आमच्या अर्लिंगने राखण केलीय."

मित्रांनो, आटलेल्या तलावाला कोण विचारतं? या माणसांनी मला विचारलं, राबवलं, म्हणून मी त्यांचा ऋणी आहे. माझी वाळू खुशाल न्या. फक्त खड्डा तसाच टाकून जाऊ नका.

दर वसंतात बोरघिल्ड बेण्याचे बटाटे घेऊन टेकडी चढते. ती आली की मी अर्लिंगला सांगतो, "सरकू नकोस रे, यंदाही बटाटेच आहेत."