खारं पाणी प्यालेलं इंजिन

मित्रांनो, मी एक जुनं इंजिन आहे. मीरा रोडजवळच्या पेणकरपाड्यातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, लाकडी ठोकळ्यावर माझा मुक्काम असतो. जन्मलो मोटारीसाठी आणि विमानाला लागता लागता राहिलो. हे ऐकून कोणी हळहळू नका. आपण आकाशात गेलो नाही याचा मला जेवढा आनंद आहे, तेवढा दुसऱ्या कशाचाही नाही. का, ते सांगतो.

चार सिलिंडर, तेराशे सीसी आणि अंग अ‍ॅल्युमिनियमचं. कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझा तोरा काय विचारता! लोखंडी अंगाची इंजिनं मला जाडजूड आणि मंद वाटायची. पण गर्वाचं घर खाली, हे मला लवकरच कळायचं होतं.

माझी गाडी घेतली रघू पाटलांनी. पेणकरपाड्यातलं हे जुनं घराणं. आजोबा-पणजोबांपासून मिठागर आणि भातशेती. रघूदादा माणूस दिलदार. दसऱ्याला घरच्या देवांआधी मला झेंडूचा हार घालायचे. पण काशीमीऱ्याच्या चौकात ट्रकांच्या रांगेत मी तापलो, की ते गाडी बाजूला घेत, डिकीतला कॅन काढत आणि रेडिएटरमध्ये गडगड ओतत. तो कॅन भरलेला असे मिठागराच्या बांधावरच्या विहिरीवर, आणि ती विहीर होती खारी. ज्याचा जन्म मिठात गेला, त्याला खाऱ्या पाण्याचं काय वाटणार? त्यांच्या लेखी ते पाणीच. माझ्या अंगाला मात्र ते विष होतं. लोखंड गंजलं तर तांबडं होऊन चार लोकांना दिसतं. माझं दुखणं पांढरं, आतल्या आत पोखरणारं. नऊ वर्षं मी ते पाणी प्यालो. तोंड असतं तर बोंब मारली असती.

२००४ साली हायवेवर गाडीला मागून टेम्पोने ठोकलं. रघूदादांच्या केसालाही धक्का लागला नाही, पण गाडीची पार रया गेली. धड राहिलो तो मी एकटा. त्यांनी मला उतरवून आपल्या शेडच्या कोपऱ्यात ठेवलं आणि वर गोणपाट टाकलं. वर्षभर कोणी विचारलं नाही.

मग त्याच शेडचा अर्धा भाग दत्ताराम सावंतांनी घेतला. दत्ताराम विमानांच्या कारखान्यात बत्तीस वर्षं इंजिन फिटर होते. परळची खोली सोडून बायकोमुलीसह मीरा रोडला राहायला आले आणि निवृत्त झाले. त्यांची मुलगी रसिका विमान चालवायला शिकली होती, परवानाही मिळवला होता. बापलेकीने मिळून दोन माणसांचं हलकं विमान स्वतःच्या हाताने बांधायला घेतलं होतं. नळ्यांचा सांगाडा उभा राहिला, पंखांवर कापड चढलं, सरकारी कागदांचा गठ्ठा माणसाच्या गुडघ्याएवढा झाला. इंजिन मात्र ठरत नव्हतं.

दत्तारामांचे जुने सोबती शशिकांत दर रविवारी येऊन एकच पालुपद लावत. "दत्ता, परदेशी टू-स्ट्रोक घे. हलकं असतं, विमानासाठीच बनवलेलं असतं. गाडीचं इंजिन कसलं लावतोयस?"

"आणि बिघडलं तर पार्ट येईपर्यंत तीन महिने बसू?" दत्ताराम म्हणत. "गाडीच्या इंजिनाचे पार्ट काशीमीऱ्याला कुठल्याही गॅरेजात मिळतात. शिवाय त्याची नस न् नस मला माहितेय."

असाच वाद चालू असताना रसिकाने माझ्यावरचं गोणपाट उचललं. "बाबा, हे बघा. अ‍ॅल्युमिनियमचं आहे!"

रघूदादांच्या मिठाच्या गोणी तोलायच्या काट्यावर मला चढवलं. गिअरबॉक्स काढल्यावर माझं वजन बसलं हिशेबात. शशिकांतांनीही मान डोलावली. दत्तारामांनी वही काढली आणि रघूदादांना माझी कुंडली विचारायला सुरुवात केली. तेल केव्हा बदलायचात? किती किलोमीटर चाललं? रेडिएटरमध्ये काय घालायचात?

"पानी. दुसरा काय घालनार, भाऊ?"

दत्तारामांनी वहीत लिहिलं, 'पाणी'. कुठलं पाणी, हे त्यांनी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. दोघेही खरे होते. माझा मात्र जीव टांगणीला लागला.

तसा मी हुरळूनही गेलो होतो, खोटं कशाला बोलू? त्यांनी मला उघडलं, रिंगा बदलल्या, बेअरिंगं बदलली. पाण्याच्या वाटांमधली पांढरी पुटं खरवडताना ते पुटपुटले, "नेहमीचाच क्षार." वाटलं, ओरडून सांगावं की क्षार नव्हे हो, हाडं झिजलीयत माझी! पण इंजिनाला बोलायचं तर बिघडूनच बोलावं लागतं. मग एक बंद पडलं तर दुसरं चालावं म्हणून त्यांनी मला जोडीचं इग्निशन बसवलं, पुढे वेग उतरवणारी पट्ट्याची चक्रं लावली आणि त्यांवर लाकडी पंखा चढवला. माझ्या पाठीमागे हातभर अंतरावर रसिकाची खुर्ची येणार होती. ती मुलगी रोज कामाला लागताना माझ्या अंगावर थाप मारून म्हणायची, "काय हीरो, नेणार ना?" तेव्हा मला माझी झिजलेली हाडं आठवायची.

दत्तारामांचा नियम कडक. विमानाला लावण्याआधी इंजिन जमिनीत रोवलेल्या लोखंडी घोडीवर पन्नास तास चालवून बघायचं. त्यांच्या बायकोने, सुचेताताईंनी, त्याला आपला एक नियम जोडला.

"पन्नासच्या पन्नास तास मी इथे बसणार."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"नसेल कळत. पण मुलगी माझी बसणार आहे."

त्या रोज सकाळी स्वयंपाक आटोपून येत. खुर्ची, मेथीची जुडी किंवा मटारची पिशवी, आणि माझ्याकडे लावलेले कान. मी पंखा फिरवत असे, पाला उडत असे, ताई तो गोळा करून पुन्हा निवडत बसत. शेजारी हसायचे. असे चाळीस तास पार पडले. काटे सगळे जागच्या जागी. दत्तारामांनी पेढे आणायचं ठरवूनही टाकलं.

एकेचाळिसाव्या तासाला माझ्या तिसऱ्या सिलिंडरपाशी काहीतरी सुटलं. अगदी बारीक. ताईंचे हात थांबले.

"अहो, बंद करा. कुकरची रिंग गेल्यावर येतो तसा आवाज येतोय."

दत्तारामांनी काटे पाहिले. "काही नाही गं. तापमान ठीक, तेल ठीक. बत्तीस वर्षं इंजिनं ऐकलीत मी."

"येतोय म्हणते ना!"

"मला कसा ऐकू येत नाही मग?"

ताई उठल्या. मटार मांडीवरून सांडले. सरळ चालत गेल्या आणि त्यांनी स्विच खाली पाडला. पंखा थांबला. दत्ताराम रागाने लालबुंद झाले, पण रसिका आणि रघूदादांसमोर बायकोशी भांडण नको म्हणून त्यांनी पाने उचलले. दुपारपर्यंत माझं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, बाजूला झालं. त्याखालची गॅस्केटची पट्टी एका जागी जळाली होती आणि त्याखालची भिंत पापडाएवढी पातळ झाली होती. दत्तारामांनी नुसता अंगठा दाबला तर तो आरपार गेला.

रसिका माझ्या मागच्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली, जिथे तिची खुर्ची येणार होती.

रघूदादा वाकले. त्यांनी त्या भोकावरून बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "भाऊ, आमच्या मिठागरावरल्या पंपाला असाच व्हतं. खाऱ्या पान्यानं." ते मटकन खाली बसले. "मीच घातला. नऊ वरसं. तुमी इचारला तवा मना वाटला, पानी ते पानी. पोरीचा काय झाला असता तर मी कुठं तोंड दाखवला असता?"

"चूक माझी आहे, रघूदादा," दत्ताराम म्हणाले. मग त्यांनी अंगठ्याला लागलेला पांढरा भुगा पुसला. "कारखान्यातल्या आवाजाने माझे कान कधीच गेलेत. बारीक काही ऐकू येत नाही. दोन वर्षं लपवतोय मी."

"मला ठाऊक होतं," सुचेताताई म्हणाल्या आणि जमिनीवरचे मटार वेचायला बसल्या. "म्हणून तर बसले होते."

मित्रांनो, त्या दिवशी माझं आकाश हुकलं आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. नऊ वर्षं जे सांगता येत नव्हतं, ते शेवटी एका आईच्या कानाने ऐकलं.

नंतर माझ्याच घाटणीचं दुसरं इंजिन काशीमीऱ्याच्या एका गॅरेजातून आलं. दत्तारामांनी वही उघडून पहिलाच प्रश्न विचारला, "पाणी कुठलं?" त्याचे पन्नासऐवजी शंभर तास झाले. ताई शंभरही तास बसल्या. मला पोटात कापून, आतलं सगळं दिसेल असं ठोकळ्यावर ठेवलं. आता गॅरेजवाले येतात, शाळेची मुलं येतात, आणि दत्ताराम माझ्या त्या भोकावर काठी ठेवून शिकवतात. लाज वाटत नाही. दुखणं दिसल्याने कोणाचं तरी भलं होत असेल तर ते झाकायचं कशाला?

म्हणून तुम्हालाही हात जोडून सांगतो. यंत्राला तोंड नसतं. त्याला काय पाजताय ते बघा. आणि कोणी म्हणालं की आवाज वेगळा येतोय, तर त्याला काय कळतंय, असं म्हणू नका. आधी बंद करा, मग वाद घाला.

२००७ च्या जानेवारीत विमान ट्रकवर चढून धुळ्याकडच्या एका धावपट्टीवर गेलं. शेडमध्ये उरलो मी आणि राखणीला रघूदादा. दहाच्या सुमाराला त्यांचा मोबाइल वाजला. त्यांनी तो माझ्या कापलेल्या पोटाजवळ धरला. "आयक रं, तुझा भाऊ उडतंय."

दुरून आवाज येत होता. चारी सिलिंडर एका सुरात. मी श्वास रोखून तिसरा सिलिंडर ऐकत होतो. आवाज लांब गेला, परत आला, खाली आला, मग थांबला. फोनवर नुसता वारा. आणि मग सुचेताताईंचा रडवेला, हसरा आवाज, "उतरली हो, रघूदादा! उतरली माझी पोरगी!"

रघूदादांनी डोळे पुसले आणि तोच ओला हात माझ्या अंगावर ठेवला. तेवढं खारं पाणी मला चाललं.