पहिल्या पानावर थांबलेली लायब्ररी

मित्रांनो, मी एक जुनी लायब्ररी आहे. लगेच कपाटं आणि पुस्तकं डोळ्यांसमोर आणू नका. संगणकासाठी लिहून ठेवलेल्या तयार सूचनांच्या संचालाही लायब्ररीच म्हणतात; पायथन नावाची संगणकाची एक भाषा असते, त्या भाषेत मला लिहिलं आहे. माझं काम निरोप्याचं.

आमच्या संशोधन संस्थेत विहिरींच्या पाण्याच्या तपासण्यांचा एक भलामोठा साठा आहे. त्याला डेटाबेस म्हणतात. कुठल्या विहिरीत आर्सेनिक नावाचं विष किती आहे, ते सगळं त्याच्या पोटात. पण स्वभावानं तो महा तिरसट! प्रश्न जरा इकडचा तिकडे झाला की तोंड मिटून बसतो. म्हणून संशोधकांनी मला सांगायचं, मी त्याच्याशी गोडीगुलाबीनं बोलून उत्तर आणून द्यायचं.

मला ताईनं घडवलं. संस्थेत लहानथोर सगळे तिला ताईच म्हणत. जिन्याखालच्या खोलीत ती बसे आणि आल्याआल्या माझ्याबद्दलच्या तक्रारी वाची. कुणाच्या तारखा उलटसुलट येत, कुणी नवा संगणक घेतला की मी तिथे चालेनाशी होई. "ताई, तुमची लायब्ररी पुन्हा बिघडली!" असं ओरडत लोक दारात उभे राहत. निम्म्या वेळा चूक त्यांचीच असे. ताई हातातला चहा बाजूला ठेवून "बघते हं" म्हणे, आणि चहाचं पार पाणी होऊन जाई.

तिचा एक नियम होता. माझ्यात केलेला बदल दुसऱ्या कुणीतरी तपासायचा आणि मंजुरीचं बटण दाबायचं; त्याशिवाय तो लागू व्हायचा नाही. स्वतःच्या बदलांनाही तिनं हाच नियम लावला होता. बटण दाबणारे दुसरे म्हणजे विभागाचे सर.

माझं कौतुक झालं नाही असं नाही. सर भाषणात माझं नाव घेत, टाळ्याही मिळत. माझ्या जिवावर किती जणांनी शोधनिबंध लिहिले, बढत्या मिळवल्या! त्यातल्या एकावरही ताईचं नाव नाही. पुढे तिची नोकरी कायम करायची वेळ आली आणि तिला मुलाखतीला बोलावलं. परत आल्यावर ती आईशी फोनवर बोलत होती, म्हणून मला कळलं.

"म्हणाले, लायब्ररी सांभाळता ते ठीक आहे हो, पण संशोधन काय केलंत?"

"आणि तुझे सर?"

"शेजारीच बसले होते. पाणी पीत होते."

"मग सोड ना बाई. कुणासाठी एवढा जीव काढतेस?"

तिनं नाही सोडली. मुलाखत घेणाऱ्यांनीच तिला कायम न करता घालवलं. मला अजून त्या माणसांचा संताप येतो.

जायच्या आधी तिनं एक दुरुस्ती लिहून ठेवली. डेटाबेस सांभाळणाऱ्यांनी कळवलं होतं की यापुढे तो सगळं उत्तर एकदम देणार नाही, पानापानानं देईल. पुढचं पान हवं तर पुन्हा मागायचं. मला पुन्हा मागायची सवयच नव्हती. ती सवय त्या दुरुस्तीत होती. फक्त सरांनी बटण दाबायचं बाकी होतं.

सरांनी दाबलं नाही. ठरल्याप्रमाणे डेटाबेस बदलला. मी पहिलं पान आणू लागले आणि "सगळं आणलं" म्हणू लागले. अडखळले असते, तांबड्या अक्षरांत बोंब मारली असती, तर कुणीतरी धावून आलं असतं. पण मी अगदी सुरळीत चालत होते. ताईनं नव्या नोकरीवरून सरांना फोन केला.

"सर, तेवढं बटण दाबा हो. उत्तरं अर्धवट येत असणार."

"अगं, बघतो म्हटलं ना! आणि कुणाची तक्रार आहे का? तू तुझ्या तिकडच्या कामात लक्ष घाल."

नव्यानं तपासलेल्या विहिरी डेटाबेसात शेवटी जातात. गिरणीमागच्या वस्तीतल्या विहिरी अशाच, अगदी शेवटच्या पानावर. तिथल्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी संस्थेत फोन केला. ताईच्या खुर्चीवर आलेल्या नव्या साहेबांनी माझ्याकडे वाईट विहिरींची यादी मागितली; मी आणलेल्या पानावर त्या वस्तीचं नाव नव्हतं.

"सिस्टर, तुमच्याकडची एकही विहीर वाईट नाही."

"नक्की ना? पोरांच्या तळहातांवर डाग उठलेत हो."

"नक्की. आमची लायब्ररी आजवर चुकलेली नाही."

"चला, सुटले! बायका दुरून पाणी आणून दमल्यात. सांगते त्यांना, भरा म्हणून."

मित्रांनो, आता मी 'माझी काळजी घ्या' म्हणायला हवं. मी म्हणणार नाही. काळजी घेणारी होती, तिला हाकलून दिलं. दुरुस्ती माझ्या शेजारी जशीच्या तशी पडून आहे आणि सर अजून बघताहेत. तुमच्यापैकी कुणी गिरणीमागच्या वस्तीत राहत असेल, तर आत्ताच्या आत्ता घरी जा आणि आईच्या हातातली कळशी धरून ठेवा. तिनं मला विचारून बघू नये. मी पाणी चांगलं आहे असंच सांगेन.