टिटवी वर का चढली

मी टिटवी बोलतेय. आजवर तुम्ही माझं ओरडणंच ऐकलंत आणि ते ऐकून अपशकुन म्हणून दार लावून घेतलंत, म्हणून आज जरा आवाज खाली घेऊन बोलते. पळसदेवला उजनी धरणाचं पाणी उतरलं की जो काठ उघडा पडतो, तिथली मी. पिवळे लांब पाय, डोळ्यांपुढं लाल चामडी आणि जन्मजात फटकळ तोंड, एवढीच माझी ओळख.

माझा जन्म जुन्या देवळाच्या खालच्या अंगाला झाला. आम्ही घरटं विणत बसत नाही. जमिनीत बोटभर खळगा करायचा, भोवती खडे लावायचे आणि चार अंडी घालायची. अंडी अशी मातकट, ठिपक्यांची, की कधी कधी माझी मलाच शोधावी लागतात. तेव्हा काठावर दस्तगीर मच्छीमाराची होडी, त्याची वाळत घातलेली जाळी आणि चार म्हशी, एवढीच वर्दळ असे. म्हशींना माझ्याशी घेणंदेणं नव्हतं, मलाही तेच हवं होतं.

मग कुणीतरी आमच्या काठाला ‘बीच’ म्हटलं आणि झालं. सुट्टीच्या दिवशी बारामतीहून, इंदापूरहून, पार पुण्याहून गाड्या येऊ लागल्या. ही माणसं म्हणे शांततेसाठी येतात. येताना गाणी लावून येतात, गाडीची दारं धाडधाड आपटतात आणि मग इथं किती शांत आहे, हे एकमेकांना मोठ्यानं सांगत बसतात. अनवाणी चालायची हौस असते, ती दहा पावलांत खडे टोचले की भागते. निसर्गाची फार आवड असते त्यांना, वेफर्सच्या रिकाम्या पाकिटांवरून कळतंच ते.

त्यांना बघायचे असतात रोहित, म्हणजे तुमचे ते गुलाबी फ्लेमिंगो. माझं त्यांच्याशी वैर नाही. पण दिवसभर चिखलात उलटं तोंड खुपसून बसणाऱ्याला रुबाबदार म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. ते चार महिन्यांचे पाहुणे, म्हणून त्यांचं कौतुक. मी बारा महिने इथंच, म्हणून पक्ष्यांच्या यादीत माझं नाव लिहायलासुद्धा यांच्या पेनाला कंटाळा येतो.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. दस्तगीर आता होडीतून पक्षी दाखवायलाही नेतो. त्याच्या होडीतून बारामतीचा इंद्रजित नावाचा एक हौशी फोटोवाला उतरला, मागोमाग त्याची बहीण उत्कर्षा. तो थेट माझ्या खळग्याकडं निघाला. मी जिवाच्या आकांतानं ओरडले, त्याच्या डोक्यावरून झेपा घेतल्या. उत्कर्षा थबकली. ही काहीतरी सांगतेय, असं म्हणाली बिचारी.

“सोड गं, साधी टिटवी आहे,” तो म्हणाला आणि त्यानं कॅमेऱ्याच्या स्टँडचे तीन पाय जमिनीत रोवले.

एका पायाखाली माझी दोन अंडी गेली. उरलेली दोन त्यानं मागं सरताना बुटाखाली घेतली. दस्तगीर धावत आला, वाकून त्यानं टरफल उचललं आणि इंद्रजितपुढं धरलं. इंद्रजितनं सॉरी म्हटलं, तेही दस्तगीरला. पाच मिनिटांत तो विचारत होता की रोहित जरा उडवता येतील का, उडताना फोटो छान येतो.  दस्तगीरनं दोघांना होडीत बसवलं आणि सरळ परत नेलं.

यंदा आम्ही नवरा-बायको काठ सोडून वर चढलो. मानसिंगराव नावाच्या शेतकऱ्याचा ऊस आहे, त्याच्या कडेला एक रिकामा तुकडा आहे, तिथल्या मुरमात मी अंडी घातली. पाणी लांब पडलं. भर उन्हात अंडी भाजून निघू नयेत म्हणून खाली जायचं, पोटाची पिसं भिजवायची आणि ओल्या पोटानं येऊन अंड्यांवर बसायचं. दिवसाला पंधरा-वीस खेपा. हौस म्हणून हे कुणी करत नाही.

पण मानसिंगरावांनी ते पाहिलं आणि त्यांना वेगळंच कळलं. या माणसांची गंमत बघा. माझा आवाज अपशकुनी आणि माझी अंडी मात्र पंचांग. टिटवीनं खाली अंडी घातली तर पाऊस बेताचा, वर घातली तर धरण लवकर भरणार, असा यांचा हिशेब. पाणी उतरलेल्या गाळात मानसिंगराव दर उन्हाळ्यात गाईंसाठी मका पेरतात. यंदा म्हणाले, नको, मका बुडंल. गोठ्यात पाच गाई आणि त्यांच्या चाऱ्याचा भरवसा माझ्यावर. मला पावसातलं ओ की ठो कळत नाही.

त्यात माझा फायदाच होता. त्या तुकड्यात ट्रॅक्टर घालायचा होता, तो मानसिंगरावांनी थांबवला. पावसाचा सांगावा आणणारीला दुखवायचं नाही म्हणून खळग्याभोवती काटेरी फांद्याही लावल्या. त्यांच्या अडाणीपणावर माझी पोरं जगणार होती, म्हणून जन्मात पहिल्यांदा मी तोंड बंद ठेवलं.

एके सकाळी दस्तगीर मासे द्यायला वर आला. मानसिंगरावांनी त्याला कौतुकानं अंडी दाखवली आणि मक्याचं सांगितलं. दस्तगीरनं माशांची पाटी खाली ठेवली. मी त्याच्याकडं बघत होते. हा खरं बोलला तर ट्रॅक्टर माझ्या अंड्यांवरून जाणार आणि नाही बोलला तर पाच गाई उपाशी राहणार. मी त्याच्यावर झेप घेतली. तरी तो बोललाच.

“मानसिंगराव, तुमी मका पेरा. ही पावसासाठी वर न्हाय आली. खाली माणसं लय झाली. गेल्या साली हिची अंडी तुडवली, माझ्याच होडीतनं उतरलेल्या माणसानं.”

मानसिंगरावांनी खाली पाण्याकडं पाहिलं, मग शेडमधल्या ट्रॅक्टरकडं. संपलं, मी मनात म्हटलं. तेवढ्यापुरता दस्तगीर मला त्या इंद्रजितपेक्षा वाईट वाटला.

“म्हंजी खाली ऱ्हायला जागा उरली न्हाय, म्हणून वर आली व्हय,” मानसिंगराव म्हणाले. मग मुरमाकडं बोट करून बोलले, “आमचा बापबी असाच वर आलता. धरणाचं पाणी गावात शिरलं तवा. ह्याच मुरमावर छप्पर घातलं हुतं त्यानं.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी खाली गाळात मका पेरला. वरच्या तुकड्यातही ट्रॅक्टर आला. मी अंड्यांवर बसून राहिले, हलले नाही. ट्रॅक्टर जवळ आला, वळला आणि बाजेएवढी जागा सोडून पुढं गेला. आता मी कुणाचं पंचांग नव्हते, माझा काडीचा उपयोग नव्हता. माणसांबद्दल बरं वाटायची मला सवय नाही, पण त्या दिवशी वाटलं.

आज सकाळी चारही अंडी फुटली. पिल्लांचं पोट या कोरड्या मुरमावर भरणार नाही, त्यांना पाण्याकडेचे किडे लागतात. उडता येत नाही, म्हणून ती चालत खाली येणार, तुमच्याच त्या बीचवर. मी धोक्याची हाक दिली की ती पळत नाहीत, जिथल्या तिथं मातीला चिकटून निपचित पडतात. तेव्हा मी तुमच्या डोक्यावर ओरडायला लागले तर वर बघू नका. पाऊल उचलू नका, आधी खाली बघा. उद्या उजाडताना आम्ही निघतोय आणि उद्या रविवार आहे.