हेडमास्तरांचा शर्ट

हॉस्पिटलच्या तळघरातल्या धुलाईखान्यात यंत्रांची घरघर एवढी, की शेजारच्याशी बोलायचं तरी घसा ताणावा लागे. बोलण्यासारखी जागा एकच, ती म्हणजे कोपऱ्यातलं घड्यांचं टेबल. चादरीची घडी एकट्याने होत नाही. दोघांनी दोन टोकं धरायची, एकमेकांकडे चालत यायचं, पुन्हा मागे जायचं. दिवसभर असं समोरासमोर यायचं तर तोंड बंद ठेवून कसं भागेल? सकाळची पहिली चादर उलगडली की आदल्या संध्याकाळची मालिका चर्चेला यायचीच.

त्या दिवशी मावशी घरूनच तापून आली होती. मावशी सगळ्यांत जुनी, आणि तिचं मत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

"बाप आहे का कोण!" चादर झटकत ती म्हणाली. "पोरीला बक्षीस मिळतंय, ती स्टेजवरून डोळ्यांत प्राण आणून बघतेय, आणि याची खुर्ची रिकामी! काळीजच नाही मेल्याला."

"काळीज आहे हो मावशी," दुसरं टोक धरलेली चष्मिस म्हणाली. ही फाटक्या चादरी शिवायची, आणि मालिकेतलासुद्धा एकेक टाका तपासायची. "मागच्या आठवड्यात त्याने समारंभाची पत्रिका उशीखाली ठेवली होती, विसरलात? ज्याला जायचंच नाही तो कशाला जपून ठेवेल? लेखिकेने मुद्दाम कारण लपवलंय. आपण डोकं खाजवत बसावं म्हणून."

"लपवतेय कसली!" मळक्या कपड्यांची गाडी ढकलत आलेला ड्रायव्हर मध्येच बोलला. तो मालिका बघत नसे, त्यामुळे त्याचं मत फार ठाम असे. "नटाला दुसरीकडे शूटिंग असणार. नट नाही, म्हणून खुर्ची रिकामी. विषय संपला!"

"तू गाडी ढकल," मावशी म्हणाली.

पलीकडे डॉक्टरांच्या कोटांना इस्त्री करणारे काका मान खाली घालून ऐकत होते. त्या तिघांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. मालिका लिहिणारी बाई काकांची मुलगी होती. पडद्यावर तिचं सासरचं आडनाव येई, त्यामुळे कोणाला वास लागला नव्हता, आणि काकांनी लागू दिला नव्हता. लेखिकेच्या बापासमोर खरं कोण बोलणार? तेव्हा काकांनी मुकाट ऐकायचं आणि जेवणाच्या सुट्टीत फोनवर लेकीला जसंच्या तसं सांगायचं, शिव्यांसकट, असं बापलेकीत ठरलं होतं. आजवर काकांनी एक शब्द गाळला नव्हता.

आज मात्र एकाच कोटाची बाही ते तिसऱ्यांदा दाबत होते. कारण ती खुर्ची त्यांचीच होती. सव्वीस वर्षांपूर्वी, शाळेच्या सभागृहात, दुसऱ्या रांगेत. मुलगी नववीत होती, निबंधात सगळ्या शाळांमधून पहिली आली होती. घरी आल्यावर तिने विचारलं, "का नाही आलात?" काका म्हणाले, "दुकानात काम होतं." पुन्हा तिने कधी विचारलं नाही, यांनी कधी सांगितलं नाही. बिनआईच्या त्या घरात माणसं दोनच, आणि त्या दोघांच्या मध्ये ती खुर्ची तशीच राहिली.

"काका, तुम्ही सांगा," चष्मिसने हाक मारली. "का आला नसेल बाप?"

"मला बापड्याला काय कळतंय त्यातलं," काका म्हणाले.

सुट्टी झाल्यावर ते जिन्याखालच्या बाकावर जाऊन बसले. डबा उघडलाच नाही. पहिल्या घंटेलाच फोन उचलला गेला.

"बोला बाबा. काय म्हणतेय मंडळी?"

काकांनी मावशीच्या 'मेल्या'पासून ड्रायव्हरच्या 'शूटिंग'पर्यंत सगळं सांगितलं. एरवी ती खळखळून हसायची. आज हसली नाही.

"उद्या पुढचा भाग द्यायचाय," ती म्हणाली. "पत्ते कुटत बसला आणि विसरला, असं लिहून ठेवलंय. दुसरं काही सुचतच नाही. त्याला यावंसंच वाटलं नसेल ना? अजून काय कारण असणार?"

काकांनी डबा बाजूला सरकवला. "आमच्यातला एक जण वेगळंच म्हणत होता."

"काय?"

"तो म्हणतो, बाप इस्त्रीवाला धरा. त्या सकाळी त्याने स्वतःचा शर्ट इस्त्रीला घेतला. धड असा एकच होता. समोर पत्रिका होती, तिच्यावर पोरीचं नाव छापलेलं. ते वाचत बसला. धूर दिसला तेव्हा छातीवर हे एवढं भोक. साऱ्या गावाचे कपडे करणारा माणूस, आणि स्वतःचाच शर्ट जाळला."

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दुकानात चाळीस शर्ट टांगलेले. पण गिऱ्हाइकाचा कपडा अंगाला लावायचा नाही, हा धंद्याचा नियम. तो त्याने एकदाच मोडला. मापाचा दिसला तो घातला आणि धावत सुटला. सभागृहाच्या दारात हेडमास्तर पाहुण्यांच्या स्वागताला उभे. शर्ट नेमका त्यांचाच."

"मग?"

"मग काय. मागे सायकली लावायच्या तिथे खिडकी होती. तिथून बघितलं सगळं. पोरीची एका वेणीची रिबीन सुटून लोंबत होती. टाळ्या खूप वाजवल्या त्याने. पण घरी आल्यावर सांगायची लाज वाटली. चोरीचा शर्ट घालून आलो होतो, हे लेकीला कुठल्या तोंडाने सांगायचं?"

"रिबीन मी मालिकेत लिहिलेली नाही, बाबा," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. दोघं दोन टोकांना फोन धरून रडत राहिले.

शेवटी नाक ओढत ती म्हणाली, "हे मी मालिकेला देणार नाही. हे माझं आहे."

पुढच्या आठवड्यात कारण कळलं. बापाची बस रस्त्यात बंद पडली होती.

"बस बंद पडली म्हणे!" मावशीने चादर अशी झटकली की चष्मिसच्या हातून टोक सुटलं. "एवढं ताणून शेवटी बस? बापाचं मन काय असतं, त्या लेखिकेला कळणार कुठून! काका, तुम्ही तरी सांगा, अक्कल आहे का तिला?"

"कारण लंगडंच आहे," काका म्हणाले. घड्यांच्या टेबलावर त्यांनी दिलेलं ते पहिलंच मत. मग एका फेऱ्यात बाही सरळ करून त्यांनी पुढचा कोट ओढला. मावशीचं वाक्य त्यांनी मनात दोनदा घोकलं. सुट्टीत ते लेकीला जसंच्या तसं सांगायचं होतं.