वीतभर जमीन

नवी जमीन किती उंच येईल ते दाखवायला ओरेस्ते गवंड्याने विटांचे दोन थर रचले, त्यांवर फळी टाकली आणि टुल्लिओला हाताला धरून वर चढवलं. टुल्लिओ ताठ उभा राहायला गेला तोच त्याचं डोकं तुळईला घासलं.

"बघ!" टाळू चोळत तो आईवर खेकसला. "हे घर आहे का कोंबड्यांचं खुराडं?"

"केस लागले नुसते," जिल्दा म्हणाली. "काप जरा."

पहाटेच्या भरतीचं पाणी स्वयंपाकघरातून नुकतंच ओसरलं होतं. कालव्याचा हिरवट गाळ जिल्दा खराट्याने उंबऱ्याबाहेर लोटत होती आणि लोटता लोटता भांडत होती. या जमिनीखाली तिच्या सासऱ्यांनी घातलेली जमीन होती, तिच्याखाली त्यांच्या आजोबांची. व्हेनिसमध्ये पाणी चढलं की माणसं जमीन चढवतात. छत बिचारं आहे तिथेच राहतं.

"भरती अडवायला खाडीच्या तोंडाशी एवढे दरवाजे बसवलेत, ते कशाला?" टुल्लिओ म्हणाला.

"ते मोठ्या भरतीला उचलतात. आपलं पाणी घोट्याएवढं. घोट्याएवढ्या पाण्याला कोण विचारतो?"

"म्हणून म्हणतो, खाडीपलीकडे मेस्त्रेला चल, कोरड्या जमिनीवर. तिसरा मजला, लिफ्ट आहे."

"आणि संध्याकाळची स्तोत्रं काय लिफ्टमध्ये गाऊ? इथे चर्चमध्ये वेदीपुढे पाणी आलं तरी आम्ही गमबूट घालून गातो. देवाने अजून कुणाला हाकललेलं नाही."

"देव पोटमाळ्यावर राहतो, आई! तू तळमजल्यावर!"

ओरेस्तेने थापी खाली ठेवली. "सिओरा जिल्दा, रागावू नका, पण हे वीतभर चढवणं म्हणजे नुसती हमाली. थोड्या वर्षांनी पाणी पुन्हा चुलीशी. करायचंच तर दोन विती चढवा."

"वीतभरच."

"अहो, पण का?"

जिल्दाने लोटून झालेली जागा पुन्हा लोटली. "याला उभं राहता यायला हवं."

टुल्लिओ मान वाकडी करून फळीवर तसाच थांबला. मग खाली उतरला, फळी बाजूला केली आणि ढिगातल्या विटा उचलून एकेक वर ठेवू लागला. दोघंही बघत राहिले. फळी पुन्हा टाकून त्याने हात झटकले.

"दोन विती घ्या, ओरेस्ते."

"अरे, मग तू..."

"पुढच्या महिन्यापासून मी मेस्त्रेला राहणार आहे. आई इथेच राहील."

खराटा थांबला. बाहेरून प्रवाशांनी भरलेली नाव गेली आणि तिची लाट भिंतीवर चपकन आपटली. जिल्दाने खराटा कोपऱ्यात उभा केला, पदत्राणं काढली आणि कुणाचा हात न धरता फळीवर चढली. तिला तिथे सरळ उभं राहता येत होतं.

"रविवारी येशील?"

"येईन."

"मग झालं. जेवताना माणूस बसलेलाच असतो." ती ओरेस्तेकडे वळली. "तू काय बघतोस? माप घे."